पंचफुलाबाईंचा जवाब

"अंगठा केसांवर घासा माय, थोडं तेल लागू द्या त्याले," पंचफुलाबाई खिडकीतून म्हणाल्या.

नातीच्या दाखल्यासाठी आलेल्या सखूबाईंनी पदराखाली हात घालून अंगठा डोक्यावर घासला आणि पुन्हा काचेवर ठेवला. तांबडा दिवा. मशीनला काही त्यांची ओळख पटेना. चाळीस वर्षं कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर रेघा उरतात कुठे? पण हैदराबादेत बसून मशीन मागवणाऱ्यांनी पऱ्हाटी कधी हातात धरली असेल तर ना. सतराव्या खेपेला दिवा हिरवा झाला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनीही "झालं बाप्पा" म्हणून सुस्कारा सोडला.

आणि नेमक्या त्याच वेळी पडद्याच्या मधोमध पांढरी चौकट उगवली. पंधरा मिनिटांत हा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होईल, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं. एरवी अशा चौकटीत दोन बटणं असत, एक 'आता' आणि एक 'नंतर'. आज एकच होतं, 'बरं'. नाही म्हणायची सोय काढून घ्यायची आणि वर माणसाकडून 'बरं' म्हणवून घ्यायचं, याला काय म्हणावं?

पैनगंगेकाठच्या, पण तेलुगू राज्यातल्या मंडलाची ही कचेरी; मंडल म्हणजे आपल्याकडचा छोटा तालुका. मंडलाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाला ठसका लागायचा. कचेरीत संगणक चार, पण चौघांचाही लगाम हैदराबादच्या मुख्य कार्यालयाच्या हातात. तिथून सुधारणा पाठवल्या जात, त्या मशीन आपोआप उतरवून घेई, आणि त्या अंगी लागाव्यात म्हणून एकदा बंद होऊन चालू व्हावं लागे. कधी दहा मिनिटांत काम होई, कधी दोन तास जात. पंचफुलाबाई एकोणीस वर्षं कंत्राटावर ऑपरेटर होत्या, पण पडद्यावरचं चित्र बदलायचीसुद्धा त्यांना मुभा नव्हती. त्यांच्या हातात काय ते 'नंतर'चं बटण होतं. रांग संपेपर्यंत त्या ते दाबत राहत आणि संध्याकाळी माणसं गेली की स्वतः 'आता' दाबून मशीन सुरू होईपर्यंत थांबत. या पद्धतीने एकोणीस वर्षांत एकही दरखास्त अर्ध्यावर बुडाली नव्हती.

आज मात्र बुडणार होती. अर्जाची तीन पानं राहिली होती. पंचफुलाबाईंची बोटं भराभर चालली, पण पान उघडायला वेळ लागत होता. शेवटच्या पानावर नातीचं नाव टाकलं आणि पडदा काळा झाला. शेजारचे तिन्ही पडदेही एकापाठोपाठ काळे पडले.

"काय झालं व बाई?" सखूबाईंनी विचारलं.

पंचफुलाबाई खुर्चीवरून उठल्या, दाराशी आल्या. पस्तीस-चाळीस माणसं व्हरांड्यात उभी होती. दसऱ्याच्या सुट्ट्यांनंतरचा पहिलाच दिवस, त्यामुळे गर्दी दांडगी.

"ऐका समदे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मशीन बंद पडली. दोन-तीन घंटे लागतीन. अन् चूक माही आहे. सुट्टीत मशीन चालू ठेवा असा हुकूम होता. मी खंडेनवमीले पूजा करून मेन बटण खाली केलं. म्हनून हे आज आपल्या माथी आलं."

रांगेत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "खंडेनवमीले तं बंदच ठेवा लागते. आमी काय त्या दिवशी वखर जुपतो काय?"

"थे खरं आहे आजोबा, पण तुमचा दिवस गेला ना," पंचफुलाबाई म्हणाल्या.

आता हे खंडेनवमीचं सांगायला हवं. पंचफुलाबाईंचे वडील भाजी पिकवून विकायचे. नवमीला घरातला विळा, तराजू, पाण्याचं इंजिन यांना हळदकुंकू लागे, आणि मग त्या दिवशी त्यांना कोणी हात लावत नसे. वर्षभर राबतात बिचारे, एक दिवस निजू द्या, असं वडील म्हणत. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पंचफुलाबाईंनी कचेरीतल्या मशीनलाही झेंडूचं फूल वाहिलं आणि मेन बटण खाली केलं. कोणी कधी हरकत घेतली नव्हती. यंदा हैदराबादहून सूचना आली की सुट्टीत सगळे संगणक चालू ठेवा, ठरल्या रात्री सुधारणा लागतील. बाईंनी ती दोनदा वाचली. मग विचार केला, की सुट्टी संपल्यावर आपण सकाळी आठलाच येऊ, माणसं यायच्या आत काय ते उरकून घेऊ. आणि त्या आठला आल्याही होत्या. पण मुदत उलटून गेलेलं मशीन आधी तीन तास मुकाट्याने सगळं उतरवून घेतं आणि मग एकदम पंधरा मिनिटांची नोटीस देतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चुकलं ते इथे.

त्यांनी हैदराबादला फोन लावला. तिकडून एक तरुण आवाज हिंदीत म्हणाला, "मॅडम, पॉलिसी है। हम कुछ नहीं कर सकते।"

"खिडकी पे आदमी खड़े हैं, ये पॉलिसी को मालूम है क्या?" बाईंनी विचारलं. फोन ठेवला गेला.

चार वाजता मशीन उठलं. तोवर निम्मी माणसं जैनथच्या ऑटोत बसून निघून गेली होती. सखूबाई थांबल्या, पण त्यांचा अंगठा पुन्हा काही लागेना. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. दोन दिवसांची वेचणी बुडाली. दाखला पदराला बांधून त्या घाईघाईने शेताकडे निघाल्या, आणि पंचफुलाबाईंना तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी आदिलाबादहून नागसेन आला. जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांची मशीनं तो सांभाळायचा. भला मुलगा, बाईंना सख्ख्या बहिणीसारखं मानायचा. त्याने पिशवीतून दोन कागद काढले. एक हैदराबादची नोटीस, निष्काळजीपणाबद्दल खुलासा मागणारी. दुसरा त्यानेच टाइप करून आणलेला तयार खुलासा.

"ताई, खाली सही करा फक्त. सूचना वाचायची राहून गेली, निष्काळजीपणा झाला, माफी असावी. बस, एवढंच आहे."

"मी तं वाचली होती."

"माहीत आहे मले. पन राहून गेली असं लिवलं तं ताकीद देऊन सोडून देतात. वाचून बंद केली असं लिवलं तं हुकूम मोडला असं होते. नोव्हेंबरात तुमचा करार संपते ताई. काऊन स्वतःच्या हातानं धोंडा पाडून घेता?"

बाजूच्या टेबलावरून सुधाकरराव उठून आले. हुद्दा अधीक्षकाचा, पण जुनी माणसं त्यांना अजून पेशकारच म्हणत. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंचफुलाबाई, तो बरोबर सांगून राह्यला. कागदावरचा शब्द कागदावर राह्यते. पोरीचं शिक्षण चालू आहे तुमच्या. करा सही."

पोरीचा, मयूरीचा, विषय निघाल्यावर बाईंचा हात क्षणभर पेनाकडे गेला. मुलगी आदिलाबादेत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात दुसरी मिळकत म्हणजे नवऱ्याचं भाजीचं दुकान, तेही बाजाराच्या दिवशीच चालणारं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. निष्काळजीपणा! एकोणीस वर्षांत एक दिवस उशीर नाही, एक अर्ज बुडवला नाही, बाळंतपणानंतर दीड महिन्यात खिडकीवर हजर झालेली बाई. तिने आपल्याच हाताने लिहून द्यायचं की मी निष्काळजी आहे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नागसेन, मी रांगेपुढं उभी राहून चूक कबूल केली. ज्यायचा दिवस बुडाला त्यायच्यापुढं केली," त्या म्हणाल्या. "यायच्यापुढं खोटं काऊन लिवू? मी विसरली नाई. मले समजत होतं मी काय करून राह्यली. माहा अंदाज चुकला, थे लिवते. निष्काळजी नाई लिवत."

"पन ताई..."

"आन एक कोरा कागद."

नागसेनने सुधाकररावांकडे पाहिलं. सुधाकररावांनी चष्मा काढून पुसला आणि स्वतःच्या टेबलावरचा एक कागद आणून दिला.

बाईंनी मराठीत लिहिलं. सूचना वाचली होती, मशीन मी जाणून बंद केलं, अंदाज चुकला, त्याने चाळीस माणसांचा खोळंबा झाला, त्याची जबाबदारी माझी. इथवर लिहून त्या थांबल्या आणि मग खाली आणखी लिहिलं. मशीन केव्हा बंद पडावं हे ठरवताना खिडकीवर कोण उभं आहे हे आजवर कोणी विचारलेलं नाही. दुपारी दीड ते दोन सगळ्या कचेऱ्यांत जेवणाची सुट्टी असते. पुन्हा सुरू करायचं ते तेव्हा करावं. 'नंतर'चं बटण परत द्यावं. आणि नोटिशीतला निष्काळजीपणाचा शब्द मला लागू नाही, तो काढून टाकावा.

"हे कोन वाचणार आहे तिथं मराठीत?" नागसेन म्हणाला.

"तू तेलुगूत करून दे. पन एक शब्द नरम करशील तं माह्याशी गाठ आहे."

त्याने केला. एकही शब्द नरम केला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हैदराबादहून एकाच दिवशी दोन हुकूम आले. पहिला सगळ्या मंडलांना होता. यापुढे संगणक दुपारी दीड ते दोन या वेळातच पुन्हा सुरू होतील, आणि काम चालू असल्यास बंद होणं पुढे ढकलता येईल. कोणी सुचवलं, याचा त्यात उल्लेख नव्हता. दुसरा हुकूम ऑपरेटरांच्या करारांचा होता. सुधाकररावांनी त्यातली नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि कागद बाईंपुढे सरकवून ते बाहेर गेले. पंचफुलाबाईंचं नाव नव्हतं.

त्या रडल्या नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल. मागच्या खोलीत जाऊन रडल्या, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसल्या.

शेवटच्या दिवशी ठीक दीडला चौकट आली, दोन्ही बटणांसकट. समोरच्या माणसाचा दाखला छापून होईपर्यंत बाईंनी 'नंतर' दाबलं, मग 'आता'.

"जेवून घ्या समदे," त्या खिडकीतून म्हणाल्या. "मशीनची बी सुट्टी झाली. दोन वाजता बसते."

रांग आंब्याखाली सरकली, फडक्यातल्या भाकरी सुटल्या. बाईंनी डबा उघडला आणि खिडकीशीच बसून सावकाश जेवल्या. दुपारचं जेवण वेळेवर व्हावं, हे त्यांच्या नोकरीत क्वचितच घडलं होतं.

दोन वाजता पडदा उजळला आणि त्याने पासवर्ड मागितला. तो उद्यापासून चालणार नव्हता. बाईंनी हात पुसले, एकेक अक्षर नीट दाबलं आणि बाहेर पाहून आवाज दिला, "या, कोनाचा लंबर आहे?"