कोमट असतानाच

भट्टीवर उभं राहायला धाकटीला तिच्या नवऱ्यानं शिकवलं. तो गेल्यावर ते काम तिच्याच गळ्यात पडलं, त्यालाही चार वर्षं झाली. थोरली जाऊ कधीच वेगळी राहायला गेली, तरी हिचं 'धाकटी' हे नाव काही सुटलं नाही. घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत. दिवसभर भट्टीपुढे डाय, म्हणजे पत्रा कापायचे पोलादी साचे, कडक करायचे आणि संध्याकाळी त्याच भिंतीतल्या दारानं चुलीपुढे जायचं.

गुरुवारी जेवताना तिनं सांगून टाकलं, "बाबा, मला धातू तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागलीय. दुसऱ्या गावी. सोमवारी रुजू व्हायचंय."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "जा की. तुला कोण अडवतंय? तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून पोलाद तापवतोय मी."

शुक्रवारी वॉशर कापायचा मोठा डाय भट्टीत जायचा होता. कारखान्यातल्या एकुलत्या एका कारागिरानं तीन आठवडे खपून तो घडवला होता. सासऱ्यांनी तिला बाजूला सारलं. आठशे अंशांवर लालभडक झालेला डाय चिमट्यानं उचलून त्यांनी तेलात बुडवला. धूर उसळला, पण त्यांनी चिमटा सरळ धरून ठेवला. धाकटीला हायसं वाटलं. ती बॅग भरायला घरात गेली.

शनिवारी सकाळी डाय टेबलावर होता, भोकापासून कडेपर्यंत तडकलेला.

"माझे तीन आठवडे पाण्यात गेले, ताई," कारागीर रडवेला होऊन म्हणाला. "तुम्ही हव्या होतात."

तेलातून निघालेलं पोलाद काचेसारखं असतं. ते हाताला सोसेल इतकं कोमट असतानाच दोनशे अंशांच्या छोट्या भट्टीत ठेवायचं, म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो. नाहीतर आतल्या ताणानं कधी तडकेल सांगता येत नाही. धाकटीनं छोट्या भट्टीचं तापमान आपोआप नोंदवणारा तक्ता पाहिला. कालच्या कागदावर रेघच उमटली नव्हती.

कारागीर बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "छोटी भट्टी लावलीच नाहीत?"

"वय झालं गं. विसरलो."

"तुम्ही विसरला नाहीत, बाबा."

त्यांनी चिमटा पुसायला घेतला. मग खालमानेनं म्हणाले, "एक मुलगा देवाघरी गेला, एक बायकोच्या मागे गेला. तू गेलीस तर या छपराखाली मी कुणाशी बोलू?"

हे कारागिरापासून लपवायचं तिनं ठरवलं. कारागिराला खरं सांगितलं असतं, तर तो त्याच दिवशी काम सोडून गेला असता आणि कारखान्याला कुलूप लागलं असतं. गिऱ्हाईक तर रोज फोन करत होतं. नवा डाय घडवून कडक करायचा म्हणजे पुन्हा तीन आठवडे.

तिनं प्रयोगशाळेत फोन लावून रुजू व्हायला मुदत मागितली. "तीन आठवडे? छे हो. आमच्याकडे रांग लागलीय," पलीकडची बाई म्हणाली आणि तिनं शुभेच्छाही दिल्या.

धाकटीनं फोन ठेवला. कारखान्यातून कारागिरानं हाक मारली, पत्र्याला भोकं पाडायचे चार पंच कडक करायला तयार होते. तिनं हातमोजे चढवले आणि मोठी भट्टी सुरू केली. सासऱ्यांनी तिच्यासाठी चहा आणून ठेवला. तो तसाच निवत राहिला.