परळच्या माव्याचे पंख

दुर्गाबाईंनी त्या वर्षी लाख तुळशी वाहायचं व्रत धरलं ते मुलाच्या पदवीसाठी. मनमोहन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, पण गेली चार वर्षं हंगामी. नाताळच्या आत डॉक्टरेट मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर ती जागा प्रोफेसर बाबुरावांच्या भाच्याला जाणार, हे कॉलेजची घंटा वाजवणाऱ्यालाही ठाऊक होतं. आणि मनमोहनचे मार्गदर्शक हेच बाबुराव. तेव्हा देवावाचून दुसरा वशिला दुर्गाबाईंना दिसेना.

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत विष्णूला लाख तुळशीपत्रं, म्हणजे रोजची आठ-नऊशे. द्वादशीला तुळस तोडायची नाही, म्हणून एकादशीला दुप्पट. बाजारची तुळस कुणी कसल्या हातांनी तोडलेली असेल, म्हणून ती नको. गिरगावच्या घराच्या गच्चीवर अकरा कुंड्या होत्या, त्यांवरच सगळी भिस्त. पूजा होईपर्यंत मौन. एकेक पान उलटंसुलटं करून बघायचं, भोक पडलेलं, पिवळं पडलेलं बाजूला ठेवायचं. पानामागे मावा असला तर तो मात्र मारायचा नाही. मावा म्हणजे तिळाहून बारीक, हिरवट कीड, पानात सोंड खुपसून दिवसभर रस पीत बसणारी. तरी जीवच तो, आणि चातुर्मासात जीव कसा मारायचा? दुर्गाबाई मऊ कुंचल्यानं एकेक किडा उचलून त्याच झाडावर, उरलेल्या पानांवर, अलगद परत ठेवत. पानं रोज कमी, कीड तेवढीच. श्रावण लागेपर्यंत एकेका पानावर अशी दाटी झाली की कूस बदलायला जागा नाही.

मनमोहनचा प्रबंध याच माव्यावर होता. गच्चीवरच्या कितीतरी किड्यांना काचेसारखे पारदर्शक पंख होते. दुसरे नमुने कॉलेजातला शिपाई जयवंत काळाचौकीहून आणायचा. त्याच्या बायकोनं, रखमानं, चाळीतल्या खोलीच्या दारात तुपाच्या डब्यांत तुळशी लावल्या होत्या. त्यांवरचा मावा गुबगुबीत, सुस्त, आणि पंख एकालाही नाही.

"दोन जाती!" बाबुरावांनी टेबलावर हात आपटून निकाल दिला होता. "गिरगावची पंखवाली, परळची बिनपंखी. एका जातीवर कुणी डॉक्टर होत नाही, मनमोहन."

"पण सर, ते डबे काळाचौकीचे आहेत."

"विलायतेत काळाचौकी कुणाला ठाऊक? परळ लिही."

बाबुरावांना खरं म्हणजे तिसरी जातही हवी होती. काही किड्यांच्या पंखातली मधली शीर टोकाकडे एकदा फुटे, काहींची दोनदा. तेवढ्यावर भागलं असतं. पण एका किड्याची डाव्या पंखात एकदा आणि उजव्या पंखात दोनदा फुटलेली निघाली, तेव्हा त्याला डावीकडून एक नाव द्यायचं की उजवीकडून दुसरं, या पेचात ती जात मागे पडली.

हे सगळं मनमोहन जेवताना सांगायचा आणि दुर्गाबाई ऐकून घ्यायच्या. मुलगा शिकलेला आहे, त्याला कळत असणार.

श्रावणाच्या सुरुवातीलाच गच्चीवरच्या निम्म्या तुळशींच्या काड्या झाल्या. जयवंतकडून ते कळल्यावर रखमा एका दुपारी स्वतः एक डबा घेऊन गिरगावात आली.

"घेवा बाई. आमच्याकडे पानां कोण तोडता? कोणाक खोकलो झालो तरच."

दुर्गाबाईंनी तो डबा मागच्या गॅलरीत ठेवला. चिमण्यांनी पानं ओरबाडू नयेत म्हणून वरून जुन्या मलमलीचं फडकं घालून बुडाशी सुतळीनं बांधलं. रोज सकाळी फडकं सोडायचं, पानं खुडायची, मावा उरलेल्या पानांवर ठेवायचा, फडकं पुन्हा बांधायचं. बारा-तेरा दिवसांनी फडकं सोडलं तर आत पाच किड्यांना पंख. दुर्गाबाईंनी चष्मा पुसला. मग त्या रोज तिथे पाटावर बसून बघू लागल्या. बिनपंखी आईला पिल्लू होताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्यातल्या काही पिल्लांच्या खांद्यांवर आठवडाभरात दोन बारीक कोंब आले, आणि कोंबांचे पंख झाले.

"मनू," त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "रखमाच्या डब्यातल्यांना पंख आले."

"गच्चीवरचे उडून आले असतील."

"फडकं बांधलेलं आहे."

"फडक्याला भोक असेल."

"माझ्या फडक्याला?" दुर्गाबाईंचा आवाज याहून वर चढत नसे.

"आई, तुला नुसते पंख दिसतात. मला त्यांतल्या शिरा मोजाव्या लागतात. यात तू पडू नकोस."

दुर्गाबाई पडल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी देवापुढे पान वाहताना त्यांनी ते पुन्हा एकदा उलटून बघितलं. आपण पानं तोडतो म्हणून दाटी होते, आणि दाटीत जन्मलेली पोरं उडून जायला बघतात, एवढं त्यांना आता स्वच्छ कळलं होतं. म्हणजे पदवीसाठी तुळस तोडायची, तोडल्यानं पंख फुटायचे, आणि त्या पंखांवर पदवी मिळायची. यात देवाला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि बोलावं तर मुलाची नोकरी जाते.

गणपती आले. जयवंत काळाचौकीच्या मंडळाचा चिटणीस. मंडळाच्या व्याख्यानमालेत तिसऱ्या संध्याकाळी मनमोहनचं भाषण त्यानंच ठरवलं: 'मुंबईतील दोन नव्या कीटकजाती'. अध्यक्ष प्रोफेसर बाबुराव. महाराष्ट्र-गुजरातच्या द्वैभाषिक राज्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. बाबुराव सचिवालयात गेले की द्वैभाषिकाचे असत आणि गिरणगावात आले की संयुक्त महाराष्ट्राचे. त्या दिवशी तर त्यांनी छातीला समितीचा बिल्लाही लावला होता. गणपतीच्या मागे 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असा फलक होता. बायकांच्या बाजूला दुर्गाबाई रखमाशेजारी बसल्या आणि डब्यातल्या पंखांचं त्यांनी तिच्या कानावर घातलं.

मनमोहन चांगला बोलला. पंखवाली गिरगावची जात, बिनपंखी परळची जात, असं त्यानं फळ्यावर काढून दाखवलं. तो खाली बसतो न बसतो तोच गिरणीत साच्यावर काम करणारा आनंदा उठला.

"साहेब, एक विचारू? गिरगावच्याला पंख आणि आमच्याला नाहीत, हा निवाडा कुणी केला?"

"शास्त्रानं," मनमोहन पुन्हा फळ्यापाशी येऊन म्हणाला.

"शास्त्र गिरगावात राहतं वाटतं!"

मंडप हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "बिनपंखी म्हणजे काय? उडायचं त्यांनी, आम्ही साच्यावरच उभं राहायचं?"

"आणि परळ कुठून आलं मध्येच?" तिसरा. "डबा आमच्या चाळीतला!"

"आज कीड वाटली, उद्या मुंबई वाटतील!"

आता कुणी हसेना. खुर्च्या सरकू लागल्या. बाबुराव उपरण्यानं मान पुसत मंडपाचं मागचं दार कुठे आहे ते बघू लागले. रखमानं दुर्गाबाईंना कोपरानं ढोसलं. "त्या डब्याचा सांगा ओ बाई."

दुर्गाबाई जन्मात सभेत बोलल्या नव्हत्या. त्यांनी मनमोहनकडे बघितलं. तो फळ्याला पाठ लावून उभा होता आणि लांबूनच, कळेल न कळेल अशी, नकारार्थी मान हलवत होता. म्हणजे त्या रात्री फडक्याला भोक असेल म्हणणाऱ्या या मुलाला सगळं कळत होतं. त्या उठल्या.

"रखमाच्या डब्यातल्या माव्याला माझ्याकडे पंख फुटले," त्या म्हणाल्या. "मी रोज पानं तोडते, म्हणून दाटी होते. दाटी झाली की पंख फुटतात. जात एकच आहे."

हे पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. पण जयवंत कर्ण्यापाशी होता. त्यानं ते सबंध मंडपाला सांगितलं, आपल्या पद्धतीनं. "मंडळी, दुर्गाबाई म्हणतात, गिरगाव आणि काळाचौकी, जात एकच!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. घोषणा सुरू झाल्या. पहिल्या रांगेतला आनंदा हात वर करून ओरडत होता, "अहो, पण आमच्या खोलीत नऊ माणसं! आम्हाला पंख केव्हाच फुटायला हवे होते!"

तेवढ्यात बाबुराव उठले. "बंधुभगिनींनो," ते कर्ण्यात म्हणाले, "जात एकच, हेच माझं गेली दहा वर्षं ठाम मत आहे." त्यांना हार घालण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर दुर्गाबाईंनी मनमोहनला मागच्या गॅलरीत बोलावलं.

"काल लोक ओरडले म्हणून एक म्हणू नकोस. ओरडणारे उद्या दोनही म्हणतील. इथे बस आणि बघ."

फडकं त्यानं स्वतः सोडलं. सोडण्यापूर्वी उजेडात धरून भोक शोधलं. मग भिंग घेऊन तो तासभर उकिडवा बसला आणि तिथून थेट कॉलेजला गेला. संध्याकाळी परतला तो उतरलेल्या चेहऱ्यानं.

"सर म्हणाले, सभेत एक, प्रबंधात दोन. परीक्षकांना त्यांनी दोन कळवून टाकल्यात. एकादशीच्या आत सही करून द्यायचीय."

"आणि नाही दिलीस तर?"

"भाचा."

दुर्गाबाई वाती वळत होत्या. हातातली वात पुरी करून म्हणाल्या, "पन्नास हजाराच्या आसपास पानं वाहून झाली, मनू. तू सही केलीस तर मी इथेच थांबवते. अर्धवट व्रताचं जे पाप असेल ते लागो. पण मी जे मागत होते तेच खोटं निघालं, तर देवापुढे तोंड उघडायला मला जागा राहत नाही."

"म्हणजे तू मला धमकी देतेस."

"नाही रे. मी फक्त माझं सांगितलं."

तीन-चार दिवस गेले. एकादशीला मनमोहन दुपारीच घरी आला. दुर्गाबाई उपासाच्या, दुप्पट पानं वाहून थकून दाराशी बसल्या होत्या. त्यानं प्रबंधाचं जाडजूड बाड त्यांच्यापुढे ठेवलं. सहीची जागा कोरी होती.

"मागे घेतला. पुन्हा पहिल्यापासून लिहायचा. एकच जात, आणि पंख का फुटतात तेही. दोन वर्षं जातील. जागा भाच्याला गेली. मी शिकवण्या बघतो."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, एकच जात हे मुळात त्यांचं मत, त्यामुळे नव्या प्रबंधात त्यांचे आभार ठळक अक्षरांत मानावेत."

दुर्गाबाईंना हसू आलं. उपासाच्या दिवशी जेवढं येतं तेवढं. मग त्यांनी हिशेब केला. दोन वर्षं म्हणजे आणखी दोन चातुर्मास.

मनमोहन तिथेच भुईवर बसला. "आई, एक मागू? उद्यापासून पाच कुंड्यांना हात लावू नकोस. बाकीच्या ओरबाड. दोन्हींकडे किती पंख येतात ते मला बघायचंय."

"ओरबाड काय रे? पूजा आहे ती."

"बरं, पूजा. पण पाच सोड."

"कुठल्या पाच?"

मनमोहननं वर गच्चीकडे बघितलं. चार वर्षं तो त्या कुंड्यांतून किडे उचलत होता, पण कुठल्या झाडाला पालवी लवकर येते आणि कुठलं रखडतं, हे त्याला सांगता येईना. "तूच सांग," तो शेवटी म्हणाला.

"उद्या द्वादशी," दुर्गाबाई म्हणाल्या. "झाडांना हात लागायचा नाही. परवा बघून सांगते."

मनमोहननं खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.