कंसातला चिमटा

"ताई, त्या दोन वेण्यांच्या पोरीला न्यायला आठवडा झाला, कोणी येत नाही. एकटीच जाते. जरा बघा की."

शाळेच्या फाटकावरच्या काकांनी हे सांगितलं, तेव्हा ती लेकीच्या बुटाची नाडी बांधत होती. "येत असेल हो कोपऱ्यापर्यंत कोणीतरी," असं म्हणून तिने विषय झटकून टाकला. स्वतःच्या दोन पोरांची काळजी करायला जिला दिवस पुरत नाही, तिने दुसऱ्याच्या पोरीची कधी करायची?

तिची लेक सात वर्षांची. बटणं, पेन्सिलीचे तुकडे, सुकी पानं, जे मिळेल ते खिशात साठवायची, म्हणून घरात सगळे तिला खारूताई म्हणत. शाळा ज्यू मुलांची, चौथीपर्यंतची. मुलांनी चांगलं वागावं म्हणून तिथे प्रत्येक वर्गात एक मोठी काचेची बरणी ठेवलेली. मुलाने घरी काही मित्स्वा, म्हणजे सत्कर्म केलं की आईने किंवा बाबांनी ते शाळेच्या चिठ्ठीवर लिहायचं. वर नाव मात्र मुलाने स्वतः घालायचं, तेवढाच अक्षराचा सराव. चिठ्ठी बरणीत पडे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा पवित्र दिवस सुरू होई, म्हणून शाळा लवकर सुटे. त्याआधी बाई चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवत. बरणी भरली की वर्गाला बाहुल्यांचा खेळ.

आपली ही आई चिठ्ठ्या लिहायची म्हणजे परीक्षेचा पेपरच. कोणी विचारायच्या आत कंसात खुलासेसुद्धा करून मोकळी. त्यामुळे बुधवारी बाईंचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, कौतुकच असेल.

"घरी सगळं ठीक आहे ना? तीन आठवडे झाले, तुमच्या मुलीच्या नावाची एकही चिठ्ठी नाही."

"अहो, मी रोज लिहिते!"

"मग मला वाटतं, तुम्ही तिलाच विचारा."

तिने विचारलं. खारूताई भाताचा घास गालात धरून म्हणाली, "टाकल्या ना बरणीत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. आईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. आपल्या पोटची पोर इतक्या सफाईने खोटं बोलते? तिने दप्तर उपसलं, गादी उचलून पाहिली, कोटाचे खिसे उलटे केले. अकरा बटणं निघाली, चिठ्ठी एक नाही.

"तू लिहितेसच इतकं लांबलचक," सासूबाई म्हणाल्या. "मी असते तर मीही गिळून टाकल्या असत्या."

"आई, चेष्टा नको हो. पोर हाताबाहेर गेली तर?"

"सात वर्षांची आहे. हातातच मावते अजून."

शुक्रवारी ती न सांगता वर्गात जाऊन मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. बाईंनी बरणीत हात घातला. कोणी पाणी भरलं होतं, कोणी आजीची सुई ओवून दिली होती. मग चौथी चिठ्ठी.

"'धाकट्या भावाने चिमटा काढला, तरी हिने उलट काढला नाही. (एकदाच काढला, तोही हळू.)'"

वर्ग खिदळला. आईने मात्र कान टवकारले. तो कंस तिचा होता. असा कंस सबंध गावात दुसरं कोणी घालणार नाही. पण बाईंनी नाव वाचलं ते दोन वेण्यांच्या पोरीचं.

"काय गं, दोन महिन्यांचं बाळ चिमटेही काढतं?" बाईंनी हसून विचारलं. ती पोर लाल झाली. शेजारी बसलेली खारूताई छताकडे बघत राहिली.

व्हरांड्यात आईने तिला गाठलं. "माझ्या चिठ्ठ्या तिच्या नावावर?"

"नाव तिनेच घातलं. मी फक्त चिठ्ठी दिली. टाकल्या बरणीतच, खोटं नाही बोलले."

"पण का?"

"तिच्या घरी लिहायला कोणी नाही. बाबा लांब कामाला. आई झोपूनच असते, भिंतीकडे तोंड करून. बाळाला तीच घेते, दूधही तीच तापवते. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मित्स्वा करते ती, आई. पण बघायलाच कोणी नाही, तर लिहिणार कोण?"

फाटकावरच्या काकांचं वाक्य आता, दोन आठवड्यांनी, तिच्या कानात नीट पोचलं. काका फाटकाशीच उभे होते. तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि दोन्ही पोरींचे हात धरून चालू लागली.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. शिवणाच्या मशीनवर चादर टाकलेली, खाली गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग, टाचण्या तशाच टोचलेल्या. दोन वेण्यांची पोर दप्तर टाकून सवयीने स्टुलावर चढली, पातेल्यातल्या दुधात बोट बुडवून बघू लागली. खाटेवरच्या बाईचे केस कित्येक दिवसांत विंचरलेले नव्हते.

"मला काही झालेलं नाही हो," ती भिंतीलाच म्हणाली. "फक्त उठावंसं वाटत नाही. बाळ झाल्यापासून."

खारूताईच्या आईने बाळ उचललं. आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला, मग सासूबाईंना. "आई, शब्बाथचे दोन्ही पाव घेऊन इकडेच या. आज आपण सगळे इथेच."

"आणि पोर हाताबाहेर गेली, त्याचं काय झालं?"

"ती माझ्या पुढे गेली, आई."

खिडकीत ऊन अजून बोटभर उरलं होतं. सूर्य मावळून शब्बाथ लागला की लिहिता येणार नव्हतं, त्या दिवशी लिहायचीही मनाई. तिने घाईने चिठ्ठी काढली: "हिने तीन आठवडे आईला आणि बाळाला सांभाळलं. मी स्वतः पाहिलं. (उशिरा पाहिलं.)" दोन वेण्यांच्या पोरीने जीभ बाहेर काढून वर आपलं नाव घातलं.

वाचणाऱ्या बाई, तुमच्याही मुलाच्या वर्गात असं एखादं पोर असेल, ज्याला न्यायला हल्ली कोणी येत नाही. त्याच्या आईचं दार आजच वाजवून या. "मला काही झालेलं नाही" असं ती म्हणाली, तरी आत जा.