काकांचा हात आणि शून्य फेऱ्या

सकाळचे अकरा वाजले होते आणि चाचणीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गोदामवाले आले होते, विक्रीवाले आले होते, एवढंच काय, कधी जागचे न हलणारे साहेबसुद्धा चहाचा कप घेऊन दाराशी उभे होते. कारण काय, तर कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनिअर, म्हणजे आमचे काका, आज पुन्हा यंत्रावर हात ठेवणार होते.

या कंपनीत फाइली सांभाळणाऱ्या पेट्या बनत. लोकांची कागदपत्रं, फोटो, आवाज त्यात ठेवायचे. ठेवलेली वस्तू जशीच्या तशी आहे ना, हे बघायला पेटीत एक पहारेकरी असतो. म्हणजे काही जादू नव्हे, साधं गणित. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांची ठरलेली आकडेमोड करून शेवटी एक छोटा आकडा काढायचा, त्याला म्हणायचं चेकसम. फाइल ठेवल्याबरोबर आणि पुढे दर वेळी वाचताना तीच आकडेमोड पुन्हा करायची. आकडा जुळला तर माल शाबूत, नाही जुळला तर घंटा वाजवायची. हे गणित पेटीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतं, आणि ते नीट होतंय का याची परीक्षा घ्यायला एक छोटं मॉड्यूल, म्हणजे कोडचा वेगळा तुकडा, असतं. हजार फेऱ्या मारायच्या, दर फेरीला आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघायचं आणि शेवटी चुका किती ते छापायचं.

नवी वेगवान चिप बसवल्यापासून दोन महिने ही परीक्षा प्रत्येक पेटीवर एकच रड रडत होती. चुका : सतरा. फक्त काकांनी हात ठेवला की चुका शून्य!

"जरा मागे सरका," काका म्हणाले. "शंकेखोरांनी तर बाहेरच थांबा. यंत्राला माणूस कळतो रे. तुम्ही संशयानं बघता, ते बिचारं बावरतं, मग चुकतं."

त्यांनी डावा तळहात पेटीवर टेकवला, डोळे मिटले, उजव्या हातानं एक ओळ टाइप केली. पडदा हिरवा झाला. चुका : शून्य. टाळ्या पडल्या. गोदामवाल्यानं तर हातच जोडले.

"वा, काका!" साहेब म्हणाले. "पण महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होणार. हा हात मागे ठेवून जा की! ती तुमची ओळ कोडमध्येच घालून टाका. प्रत्येक पेटी हिरवीच निघेल."

काकांचं हसू जरा ओशाळलं. पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती ओळ चाळणीकडे आली. चाळणी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून पास-नापास करणारी बाई. तिच्या नजरेतून खडा सुटत नाही म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलं होतं. वाचल्याशिवाय सही करू नये, हे तिला शिकवलं कोणी? काकांनीच. ती नवीन होती तेव्हा बाजूला खुर्ची ओढून, एकेक ओळ बोटानं दाखवत.

बदल होता एकाच ओळीचा. फेऱ्यांच्या जागी हजार होते, तिथे आता शून्य होतं.

चाळणीनं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. शून्य फेऱ्या. म्हणजे परीक्षाच नाही. पेपर लिहिलाच नाही, मग त्यात चूक निघणार कुठून? आणि मॉड्यूल छापत होतं ते फक्त चुका किती. तपासलं किती, हे कुठेच लिहून येत नव्हतं.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली. तिनं हजार फेऱ्या लावल्या. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं : सतरा. त्या सतराचा अर्थ तिनं प्रथमच नीट वाचला. नव्या चिपचा कोड घाईघाईत मोठ्या फाइलचा पहिला तुकडा मोजून पुढचे मोजायचंच विसरत होता. पहारेकरी अर्धा आंधळा होता.

आणि मग तिला स्वतःची पेटी आठवली.

सव्वा महिन्यापूर्वी कंपनीनं सांगितलं होतं, घरचं काहीतरी पेटीत ठेवून वापरून बघा. तिनं बाबांचा आवाज ठेवला होता. बाबा घड्याळं दुरुस्त करत. शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी दवाखान्यातून फोनवर बोलत, आणि ती रेकॉर्ड करून ठेवी. अकरा फाइली. ठेवताना तिनं विचारलं होतं, "काका, बाबा आहेत हो यात. सांभाळेल ना?" काकांनी पेटीवर हात ठेवून म्हटलं होतं, "निर्धास्त राहा." मग तिनं जुना फोन पुसून आईला वापरायला दिला. ऐकायचं धाडस मात्र तिला आजवर झालं नव्हतं.

तिनं पहिली फाइल लावली. "हां बाळ, ऐकतेस ना? स्वयंपाकघरातलं घड्याळ मागं पडतंय, त्याचं मागचं झाकण..." आणि पुढे खरखर. दुसरी फाइल, खरखर. अकराच्या अकरा तशाच. पेटी उघडली तर डिस्कची एक वायर सैल होती, एवढंच. पहारेकरी धड असता तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली असती आणि फोन पुसायचा राहिला असता.

ती काकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"काका, फेऱ्या शून्य का?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी पाहुणे आले होते गं. पूर्ण परीक्षेला चाळीस मिनिटं लागतात. म्हटलं, आत्ता नुसता हिरवा पडदा दाखवू, मागाहून नीट बघू. हात आपला असाच टेकला होता, उभं राहून पाठ भरून आली होती म्हणून. तर सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या."

"आणि मागाहून?"

"मागाहून लोक हातच मागायला लागले. मलाही गोड वाटायला लागलं. या वयात कोण टाळ्या वाजवतं?"

"मग हे माझ्याकडे कशाला पाठवलंत?"

"तू वाचशील म्हणून. बाकीचे माझी सही बघून पुढे ढकलतात. माझ्या तोंडून निघत नव्हतं."

"सव्वा महिना आधी पाठवायचं होतंत. बाबांचा आवाज गेला, काका."

"फोनमध्ये असेल ना?"

"पुसला. तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात म्हणून."

काकांनी टेबलावरचा हात हळूच मांडीवर घेतला. मग उठत म्हणाले, "चल. सगळ्यांसमोर सांगू."

खोली पुन्हा भरली. चाळणीनं टेबल पुसायचं कळकट फडकं उचलून पेटीवर टाकलं आणि काकांची ओळ टाइप केली. पडदा हिरवा. चुका : शून्य.

"आता या फडक्याला हात जोडा," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. मग तिनं फेऱ्या हजार केल्या आणि काकांना म्हणाली, "ठेवा हात." चाळीस मिनिटं हात पेटीवर होता. चुका : सतरा.

"पण आज खोलीत शंका घेणारे जास्त होते ना!" गोदामवाला कळवळून म्हणाला.

"नाही रे बाबा," काका म्हणाले. "हातात काही नव्हतं. मी तपासलंच नव्हतं." आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत रडला. चाळणीला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. फिरवता आला नाही.

पेट्या बाहेर जायच्या थांबल्या. काकांच्या बदलावर तिनं 'नामंजूर' लिहिलं आणि मॉड्यूलमध्ये दोन गोष्टी घालायला लावल्या : किती फेऱ्या झाल्या ते छापा, आणि शून्य झाल्या असतील तर नापास म्हणा.

लोकहो, जिभेवर साखर घेऊन हिंडणारा बुवाच फसवतो असं नाही. आपला, मायेचा, शिकलेला माणूसही फसवतो, आणि शिकलेलेच टाळ्या पिटतात. दुसऱ्यांच्या ओळी चाळणाऱ्या चाळणीनंही आपल्या माणसाला वेळेवर एक प्रश्न विचारला नाही. तेव्हा कोणी शून्य चुका दाखवल्या तर आधी विचारा, तपासलं किती? विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईनं घड्याळाकडे पाहत म्हटलं, "हे पुन्हा मागं पडतंय बघ. यांनी सांगितलं होतं ना कसं उघडायचं ते? त्यांचं ते बोलणं लाव ना गं जरा."

चाळणीनं तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. आईनं उठून घड्याळ भिंतीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं.

"पण ती पेटी सगळं ठीक आहे म्हणाली होती ना?"

"तिला कुणी विचारलंच नव्हतं, आई."