घरामागे पुरलेले मासे

विनयला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जुना आजार. नेपरव्हिलची नोकरी गेल्यावर कुणीतरी फोनवर विचारलं, "अलास्काला जाल का, शाळेचे कॉम्प्युटर सांभाळायला?" हा "हो" म्हणून बसला. दोन हजार तीन साली तो आणि बायको रुपाली तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावी येऊन पडले. गाव म्हणजे नदीच्या तोंडाशी खांबांवर उभी केलेली घरं. रस्ता नाहीच, विमान आलं तर आलं. किनारा दरवर्षी थोडा ढासळायचा आणि नदीत चढणारा सॅमन मासा दरवर्षी थोडा कमी यायचा.

तिथल्या यूपिक लोकांत हंगामातला पहिला मासा स्वतः खात नाहीत, देऊन टाकतात. शेजारची म्हातारी ओल्गा, म्हणजे रुपालीच्या भाषेत ओल्गामावशी, तिनं तो या नव्या जोडप्याला आणून दिला. हातभर लांब, चकचकीत, डोळे सताड उघडे.

विनय सात पिढ्यांचा शाकाहारी. केकसुद्धा अंड्याचा नाही ना, असं दोनदा विचारणारा. त्यानं म्हणावं ना, "मावशी, आम्ही खात नाही." त्याऐवजी दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काय चव होती हो!"

झालं. मावशीचे मासे सुरूच झाले. ताजे, वाळवलेले, धुरी दिलेले. वर नुसती डोकी वेगळी, कारण "खरी मजा डोक्यातच."

"फ्रीझर उघडला की ते माझ्याकडे बघतात यार," रुपाली म्हणाली. "सांगून टाक ना तिला."

"आता कसं सांगू? परवा मी रेसिपी विचारली."

"कशाला?"

"बोलण्याच्या ओघात."

फेकायचीही सोय नव्हती. वाया घालवलेला मासा रागावतो, परत नदीची वाट धरत नाही, असं मावशीनं बजावलेलं. शेवटी एका धुक्याच्या सकाळी विनयनं घरामागे खड्डा घेतला. पुण्याच्या माणसाला वाटतं, जमीन खणली की खणली जाते. इथे वीतभर खाली फावडं टणकन बर्फावर आपटलं. मग मासे तिथेच आडवे केले, वर शेवाळाची गादी पसरली आणि सवयीनं हात जोडले.

अस्वलानं अर्थातच शोध लावला. अस्वलाच्या नाकापुढे आपल्या सोसायटीतल्या काकूसुद्धा फिक्या. विनयचा खड्डा त्यानं चाटूनपुसून साफ केला आणि तोंडाला चव लागली म्हणून शेजारी वळलं. मावशीची धुरी द्यायची झोपडी फोडली. तिच्या घरचे हिवाळ्याचे सगळे मासे तिथेच टांगलेले होते. एक उरला नाही. तिसऱ्या दिवशी ते परत आलं, तेव्हा गावानं त्याला गोळी घातली.

मग सभा भरली. मासे खात्याचा साहेब विमानानं आला. प्रोजेक्टर चालवायला कोण? विनय.

"समुद्र तापतोय," साहेब म्हणाला. "मासा घटतोय, म्हणून उपाशी अस्वलं गावात शिरतात. नेक्स्ट."

विनयनं बटण दाबलं. आलेख खाली घसरला.

"मासा संपवला तो तुमच्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांनी!" मागून एक म्हातारा ओरडला.

दोघांचंही खरं होतं. फक्त हे अस्वल उपाशी नव्हतं, ते विनयकडे जेवून आलं होतं. आता उठावं, सांगावं. तो उठलाही. तेवढ्यात ओल्गामावशीच उभी राहिली.

"अस्वलानं आधी या बिचाऱ्याचं नुकसान केलं," ती म्हणाली. "खड्डा पाहिलाय मी. माझी आजी जशी डोकी जमिनीत मुरवायला ठेवायची, तशी ठेवली होती यानं. आमची पोरं तरी करतात का आता?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभाच होता, तर विनयनं मान लववली.

त्या हिवाळ्यात मावशीच्या घरी दुकानातले डबे उघडले जायचे. बहिणीनं दुसऱ्या गावाहून एक मासा पाठवला, त्यातला अर्धा मावशी विनयकडे घेऊन आली आणि समोर बसली. सात पिढ्या एका घासात बुडाल्या.

"कसा आहे?"

"मस्त," विनय म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. मावशीला वाटलं, आवडला.

पुढच्या वर्षी कॅन्ससहून नवा मास्तर आला. मावशीनं मासा पुढे केला, तर तो सरळ म्हणाला, "सॉरी, मी मासे खात नाही."

विनय शेजारीच उभा होता.

"बरं. मग बेरी खातोस?" मावशीनं विचारलं आणि बादलीभर बेरी त्याला देऊन टाकल्या.

परतताना विनय तिच्या मागे धावला. "मावशी, तो माझा खड्डा... त्याचं खरं सांगायचं तर..."

"कळलं, कळलं." तिनं तोच मासा त्याच्या हातात ठेवला. यंदा नदी जवळजवळ रिकामीच होती. "खड्डा यंदाही घे. डोकी तुझ्यासाठीच ठेवते, दुसऱ्या कुणाला कदर नाही."

घरी रुपालीनं विचारलं, "सांगितलंस?"

विनयनं तवा चढवला. मासा त्यानं काट्यापर्यंत चाटूनपुसून संपवला, डोकंसुद्धा. त्यातली मजा मात्र त्याला अजून सापडलेली नाही.