डबा घेऊन निघालेला माणूस

दिपालीने फोटो सनबोर्डच्या हलक्या फळीवर अंथरला, रबरी रोलर मधोमध टेकवला आणि कागदाखाली अडकलेली हवा जोर लावून काठाकडे ढकलत नेली. शेवटचा फुगा निघून गेला तसा फोटोतल्या माणसाचा चेहरा सरळ झाला.

रस्ता बर्फाने पांढरा पडलेला. दोन्ही कडांना माणसांची दाटी, त्यांत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका जास्त. एकीने मूठ उगारलेली, दुसरीचं तोंड ओरडता ओरडता उघडं राहिलेलं. मधून दोन बंदूकधारी शिपाई चालले होते आणि त्यांच्यामध्ये तो. हातात जेवणाचा डबा. मान खाली घातलेली नव्हती, ताठही नव्हती. निसरड्यावरून चालणाऱ्या माणसाची असते तेवढीच वाकलेली.

"झाला का हा?" सुरभी मॅडमनी विचारलं. त्या वणीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. अमेरिकेतल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या संपांचे फोटो त्यांनी तिथल्या एका संग्रहालयाच्या वेबसाइटवरून उतरवून घेतले होते. कापडगिरण्यांतल्या पोरी, घरातून हुसकलेली आणि तंबूत राहणारी खाणकामगारांची कुटुंबं, फलक धरून उभी लेकरं. कोळशाच्या मुलखात हे फोटो लागलेच पाहिजेत, असं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि छपाईचं काम दिपालीच्या दुकानाला दिलं होतं.

"झाला. खालची ओळ तेवढी राहिली."

मॅडमनी मोबाइलवरून ओळ वाचून दाखवली. "संपफोड्याला पहाऱ्यात खाणीवर नेताना."

दिपालीची बोटं कीबोर्डवर थांबली. "असंच लिहायचं, मॅडम?"

"हो. का गं?"

"काही नाही." तिने ओळ टाइप केली आणि अक्षरांचा आकार मॅडमनी न सांगताच थोडा लहान ठेवला.

संपफोड्या हा शब्द ती ऐकतच मोठी झाली होती. राजूरच्या पलीकडच्या खाणीच्या क्वार्टरांमध्ये, नळावर. आई, चंदाबाई, घागर घेऊन गेली की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तोंडावर भांडण नाही, शिवी नाही. नळ मोकळा करून द्यायच्या, एवढंच.

बदली कामगारांना कायम करा म्हणून संप झाला तेव्हा दिपाली चार वर्षांची होती आणि मेंदूज्वराने फणफणलेली होती. संपात असलेल्याच्या घरच्यांना खाणीच्या दवाखान्यात घेत नव्हते आणि नागपूर गाठण्याइतकी उसंत तापाने दिली नव्हती. तिचे वडील बबनराव सकाळच्या पाळीला घरातून निघाले आणि फाटकावरच्या गर्दीतून पोलिसांच्या मागे मागे आत गेले. दवाखान्याने दिपालीला घेतलं, ती वाचली. डावा कान तेवढा गेला. पुढे संप मिटला, बदली कामगार कायम झाले. त्या कायम झालेल्यांत बबनरावही होते आणि तेच लोकांच्या जास्त जिव्हारी लागलं. संपाचा पुढारी फकिरा निलंबित होऊन कितीतरी दिवस घरी बसला होता. त्याने बबनरावांशी बोलणं टाकलं आणि त्याच्यामागे सगळ्या क्वार्टरांनी टाकलं. चंदाबाई गेल्या तेव्हा खांदा द्यायला मारेगावहून मामा लोकांना यावं लागलं.

पोर आजारी आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या संपात कुणाच्या घरी काय नव्हतं? बबनरावांनी मात्र कारण म्हणून ते कधी पुढे केलं नाही. एकदा चंदाबाईच म्हणाल्या होत्या की मी जाऊन सांगते बायांना. तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीवर कायले ढकलतं? पाय तं माहेच होते."

आता ते निवृत्त होऊन वणीला दिपाली आणि जावई रजत यांच्याकडे राहत होते. प्रदर्शनाची गोष्ट त्यांना रजतकडून कळली.

"अमेरिकेतल्या खदानीचे फोटो हायेत म्हने," ते जेवताना म्हणाले. "मले दाखव."

"बाबा, तिथं फकिराकाका येऊन राह्यले. मॅडमनं बोलावलं त्याहीले, पोरांशी बोलाले."

बबनरावांनी पोळीचा तुकडा भाजीत बुडवला. "येऊ दे ना मंग. फोटो का त्याच्या एकट्यासाठी लावले?"

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटीच्या मागे बसले.

कॉलेजच्या हॉलमध्ये पोरापोरींचा घोळका फकिराभोवती होता. दिग्रसकडच्या तांड्यातून तरुणपणी खाणीवर आलेला हा उंचापुरा माणूस आता काठी टेकत चालत होता, पण आवाज तोच होता. दिपालीने बबनरावांना मुद्दाम दुसऱ्या टोकाला, तंबूंच्या फोटोंकडे नेलं. ते एकेका फोटोसमोर बराच वेळ थांबायचे आणि पुढे सरकायचे. एका फोटोत घराबाहेर काढलेली बाई बर्फात चूल मांडून बसली होती. तिथे ते म्हणाले, "लाकडं ओले हायेत तिचे. धूरच निघून राह्यला नुसता."

तेवढ्यात घोळक्यातून वैष्णवी नावाच्या पोरीचा आवाज आला. मॅडमची लाडकी विद्यार्थिनी, बोलण्यात धीट. "आजोबा, हा पाहा. हा गद्दार ना? पोलिसांच्या मधात चालला तो?"

दिपाली वळली. वडिलांच्या कोपराला धरायला तिने हात पुढे केला, पण ते तिथे नव्हते. ते हॉल ओलांडून त्या फोटोपाशी पोचले होते.

"कामावर चाललेला मानूस हाये तो," बबनराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

पोरं त्यांच्याकडे बघू लागली. हे कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनाही नाही. फकिराने मान वळवली नाही. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोच्या अगदी जवळ गेला. दिपालीने उजवा कान पुढे केला.

"हो," फकिरा म्हणाला. "कामावर चालला."

मग काठीचं टोक त्याने फोटोतल्या हाताजवळ नेलं, कागदाला न लावता.

"डबा पाहा त्याचा. कसा तिरपा झुलून राह्यला. रिकामा हाये. सकाळी चूल पेटली नसन घरात." त्याने काठी मागे घेतली. "कोनी बिमार असन. लेकरू असन."

वैष्णवीला ते पटलेलं दिसलं नाही. "मंग हे लोकं काहून वरडून राह्यले त्याच्यावर?"

"त्याहीच्याबी घरी लेकरं होते, बाई."

दिपालीने वडिलांकडे पाहिलं. त्या सकाळी त्यांच्या हातातला डबा भरलेला होता की रिकामा, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. बबनराव फोटोकडेच बघत होते. त्यांचा उजवा हात शर्टाची खालची कड धरून होता आणि बोटं हळूहळू ती कड चुरगाळत होती.

सुरभी मॅडमनी पोरांना पुढच्या फोटोकडे वळवलं. गिरणीतल्या पोरींनी पगारकपातीच्या विरोधात काम कसं थांबवलं ते त्या सांगू लागल्या. घोळका सरकला. त्या फोटोसमोर दोन म्हातारे उरले आणि चार पावलांवर दिपाली.

मग फकिराने चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"डोयाचं आपरेशन झालं म्हने तुयं."

"झालं. दिवाळीच्या आधी."

"दिसते का आता बराबर?"

"दिसते." बबनरावांनी शर्टाची कड सोडली. "तुले कोनं सांगतलं?"

"कानावर येते मानसाच्या." फकिराने दाराकडे पाहिलं. "मायं बी करा म्हनते डाक्टर. मी भेऊन राह्यलो लेका."

"त्याच्यात काय भ्याचं हाये? मी सांगतो ना काय काय करते ते." बबनराव दाराशेजारच्या बाकाकडे निघाले, दोन पावलं गेल्यावर थांबले आणि काठीवाला माणूस बरोबरीने येईपर्यंत तसेच उभे राहिले.

दिपालीने स्कूटीची किल्ली काढली. "बाबा, निघाचं का? दुकान उघडाचं हाये मले."

बबनराव बाकावर टेकले होते. शेजारी जागा करण्यासाठी ते थोडे सरकले.

"तू जाय," ते म्हणाले. "मी येतो ऑटोनं. जेवाले थांबू नका."