माऊस घसरला, म्हणे!

मी एक जुना माऊस आहे. मित्रांनो, नाव उंदराचे असले तरी मला ना बीळ, ना दात. शेपूट तेवढे आहे, पण ते कॉम्प्युटरच्या मागे अडकवलेले असल्यामुळे पळून जायची सोय नाही. नाहीतर गेल्या वर्षभरात मी जे ऐकून घेतले, ते ऐकून कोणीही घर सोडले असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काळ्या कवचाचे दोन भाग, मधोमध एक चाक, दोन कळा आणि पोटात लाल दिवा. शेवटच्या टेबलापाशी एक बाई बसत. आमच्यातल्या प्रत्येकाची कळ दाबून त्या कान देऊन आवाज ऐकत. माझी कळ दाबली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, कसा खणखणीत बोलतो!" माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. पुढे कौतुकाचा एवढा दुष्काळ पडणार आहे हे माहीत असते, तर मी ते जरा पुरवून पुरवून वापरले असते.

मी आलो तो एका चष्म्याच्या दुकानात. पुढच्या खोलीत काचेची कपाटे, त्यात फ्रेमा आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला लहानसा आरसा. आत अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची. आणि मधल्या जागेत एक टेबल. टेबलाच्या एका टोकाला काचा घासायचे यंत्र, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर आणि मी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर नोंदवायचा, पावती काढायची, एवढेच माझे काम होते. चष्मेवाल्याचा हात तेव्हा फार छान चाले. सावकाश, कोरडा, हलका. कामाला वाहून घेतलेला माणूस तो. आतल्या खोलीतून दिवसभर त्याचा आवाज येई, "हे बरं दिसतंय, की हे? घाई करू नका. नीट बघून सांगा." लोक गोंधळत, पुन्हा पुन्हा विचारत, पण हा कधी कावला नाही.

मग त्याच कॉम्प्युटरवर बुद्धिबळ आले.

आणले ते त्याच्या ताईने. ताई दुसऱ्या गावात गाडी शिकवायचा वर्ग चालवते. लहानपणी दोघांना बाबांनी एकाच पटावर खेळायला शिकवले होते. बाबा गेले, घर विकले गेले, आणि बहीणभावांचे बोलणे "बरी आहेस ना" आणि "बरा आहे" यांच्यापुढे सरकेनासे झाले. तेव्हा ताईने चौघांचा एक संघ काढला. ती स्वतः, एक वकील, एक बेकरीवाला आणि चौथ्या पटावर आमचा चष्मेवाला. दर रविवारी संध्याकाळी दुसऱ्या कुठल्यातरी संघाशी सामना. चौघे आपापल्या जागेवरून खेळत, पण सामन्याआधी आणि नंतर ताई त्याला फोन करी. पडद्यावर ती दिसली की त्याच्या हाताला ऊब येई. मला ते लगेच कळे, कारण तो हात माझ्या पाठीवर असे.

पण एकदा डाव सुरू झाला की तोच हात ओळखू येत नसे. मित्रांनो, तुम्ही कधी तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचताना पाहिला आहे का? तसे त्याचे बोट माझ्या कळीवर नाचे. समोरच्याची चाल यायच्या आधीच याची तयार! त्या खेळात एक भलती सोय आहे. समोरच्याची पाळी असतानाच आपण आपली पुढची चाल आगाऊ टाकून ठेवू शकतो. त्याने खेळी केली रे केली की आपली आपोआप होते. वेळ वाचतो खरा, पण समोरच्याने आपण न हेरलेलेच काही खेळले तर आपण डोळे मिटून खड्ड्यात. चष्मेवाल्याला या आगाऊ चालीचे व्यसन जडले होते.

अशाच एका चालीपायी त्याचा वजीर फुकट गेला. संघ हरला. ताईने फोनवर विचारले, "बारक्या, हे काय केलंस?"

तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "अगं, माऊस घसरला."

मी जागच्या जागी होतो. तसूभरही हललो नव्हतो! पण माझी बाजू मांडायला मला तोंड कुठे आहे? पुढच्या रविवारी हत्ती गेला, तेव्हाही मीच घसरलो. त्याच्या पुढच्या रविवारी एका उंटाने भलतीकडे उडी घेतली, त्यालाही मीच जबाबदार. हरल्यावर तो मला टेबलावर आपटे, आणि मग चिडून अनोळखी लोकांशी एकामागून एक डाव खेळत सुटे. पहिला डाव रागात हरायचा, दुसरा पहिल्याच्या रागात. मला त्याच्या बोटातली धडधड पोटापर्यंत जाणवे. इतकी वर्षे निवांत काम केलेला मी, पण आता माझाही जीव थाऱ्यावर राहीना. दुकान बंद असतानासुद्धा आता कोणीतरी झडप घालील असे वाटे.

एकदा काउंटरवरून त्याची बायको म्हणाली, "अहो, नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत झाली तुमची. दिवसभर पावत्या काढते मी, माझ्या हातून नाही तो घसरत."

दुसऱ्या दिवशी तो नवा माऊस घेऊन आला. खोक्यातला, गुळगुळीत, शेपूट नसलेला. "जुना झालाय गं हा. पुढच्या रविवारपासून हा लावतो," म्हणाला आणि खोके खालच्या खणात ठेवले. मित्रांनो, त्या खणाच्या बरोबर वर मी राहतो. त्या दिवसांत मला काय वाटत असेल याची तुम्हीच कल्पना करा.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"हे बघ, बेकरीवाल्याची पुतणी चांगली खेळते. बाकीचे दोघं म्हणतात, चौथ्या पटावर तिला घेऊ. मी एक रविवार मागून घेतलाय. या वेळी असाच हरलास तर मला काही बोलता येणार नाही, बारक्या."

चष्मेवाल्याचा हात माझ्यावर होता. तो एकदम गार पडला. संघातली जागा गेली तर रविवारचा फोन जाणार, आणि फोन गेला की पुन्हा "बरी आहेस ना" आणि "बरा आहे". हे त्याला कळले आणि मलाही कळले. बायको मात्र फ्रेमा पुसत होती.

"माझा माऊस जरा," त्याने सुरुवात केली.

"तुझा माऊस रविवारीच कसा रे घसरतो?" ताई म्हणाली. "थांब. फोन खाली कर. मला तोंड नको दाखवूस, हात दाखव. मी शिकाऊ माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, पायाकडे बघते. तोंडं सगळी शहाण्यासारखी दिसतात. आता एक डाव खेळ."

त्याने फोन चष्म्याच्या डब्याला टेकवून माझ्यावर रोखला आणि एक डाव खेळला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे एवढे निरखून पाहत होते. मी अंग चोरून बसलो.

डाव संपल्यावर ताई म्हणाली, "दिसलं. समोरचा विचार करतोय आणि तुझं बोट आधीच दाबलेलं. गाडी नाही तुझी घसरत, तूच ब्रेकवर पाय न ठेवता वळतोस."

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या क्षणी मी ओरडून हसलो असतो!

मग ती त्याला बरेच काही बोलली. नुसते रागावली नाही हे सांगायला हवे. ती म्हणाली, की डावाची सुरुवात तुझी आमच्या सगळ्यांत पक्की आहे, बाबांनी घोटून घेतलेली. राजा आणि चार प्यादी उरली की तुझ्यासारखा चिवट माणूस नाही, वकीलसाहेबसुद्धा तुझे ते डाव बघून शिकतात. आणि पडता डाव तू सोडत नाहीस. "पण मधे काय होतं तुला? फक्त तुझंच खेळतोस. समोर माणूस बसलाय, त्याला काही हवंय, हे तुझ्या गावीच नसतं. आणि हरलास की सूड घ्यायला बाहेर पडतोस. सूड काय घेतोस, अजून मार खाऊन येतोस!"

उपायही तिनेच सांगितले. हरल्यावर लगेच दुसरा डाव नाही, आधी हरलेला डाव पुन्हा लावून कुठे बिघडले ते शोधायचे. झटपट डाव बंद, रोज एकच लांबलचक डाव. दुकान उघडायच्या आधी एखादे कोडे, पण उत्तर मनाशी पक्के झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आगाऊ चाल तर मुळीच नाही. "आणि मुख्य म्हणजे, पाळी त्याची असो नाहीतर तुझी, विचार चालू असेपर्यंत माऊसवर हात नको. मांडीवर ठेव. आरसा बघितल्याशिवाय वळायचं नाही."

आता बघा मजा. या योजनेत माझा दोष कुठेच नव्हता, पण शिक्षा मलाच! ज्या हातासाठी मी झुरत होतो, तोच आता माझ्यापासून दूर ठेवायचा. पहिल्या दिवशी तो हात मांडीवर गेला आणि लगेच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तो जप केल्यासारखा "आरसा, आरसा" पुटपुटे, पण बोट काही ऐकेना. ताईची भाषा गाडीची, आणि याने जन्मात गाडी चालवली नव्हती.

शेवटी बायकोनेच तोडगा काढला. गिऱ्हाईक गेल्यावर काउंटरवर कोपरे टेकून ती बघत होती. म्हणाली, "अहो, आत खुर्चीवर माणूस बसला की त्याला काय सांगता तुम्ही?"

"काय सांगतो?"

"तेच स्वतःला सांगा की. लोकांना एवढं नीट बघायला लावता, आणि स्वतः मेले डोळे मिटून खेळता."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्या दिवशीचा डाव तो जिंकला नसला तरी माझी कळ एकदाही उगीच दाबली गेली नाही.

रविवार उजाडला. दुकान बंद, पुढचे शटर अर्धे खाली. खणातले खोके अजून फोडलेले नव्हते. का, ते मला कळले नाही. विसरला असेल, किंवा घाबरला असेल.

डाव सुरू झाला. सुरुवात नेहमीसारखी पक्की. मग मधला भाग आला आणि हात माझ्यावर आला. त्याने तो मांडीवर नेला. चाल सुचली की हात येई, एक कळ, आणि परत जाई. मला प्रत्येक वेळी वाटे, आता तो येणार नाही. टेबलावर गार पडून वाट बघत राहणे किती अवघड असते हे ज्याला कधी कोणी विसरले आहे त्यालाच कळेल. वेळ संपत चालला होता. त्याचा वजीर समोरच्या राजाच्या रोखाने सरकला आणि त्याने लांबूनच तिरका शह दिला.

आता राजा कोपऱ्यात जाणार हे उघड होते. तो गेला की वजीर शेजारच्या घरात न्यायचा आणि पुन्हा शह. घड्याळ धावत होते. हात झपकन माझ्यावर आला. बोट कळीवर टेकले. बाण वजिरावर. आगाऊ चाल टाकायला फक्त एक दाब उरला होता. मला ते बोट चांगले ओळखीचे आहे, मित्रांनो. ते दाबणारच होते.

आणि तो मोठ्याने म्हणाला, "हे बरं दिसतंय, की हे? घाई करू नका."

अगदी गिऱ्हाइकाशी बोलतात तसे, आदराने, स्वतःलाच. बोट उचलले गेले. हात मांडीवर गेला.

समोरच्याने राजा हलवलाच नाही! त्याने आपला हत्ती मधे आणून आडवा घातला, आणि त्या हत्तीची नजर बरोबर त्याच घरावर होती, जिथे आमचा वजीर डोळे मिटून जाणार होता. माझ्या पोटातला दिवा विझतो की काय असे मला झाले.

पण हत्ती आता अडकला होता. हलला तर मागे राजा उघडा. चष्मेवाल्याने बराच वेळ पाहिले, मग सावकाश हात आणून एक साधे प्यादे एक घर पुढे सरकवले. अडकलेल्या हत्तीला पळता येईना. प्याद्याने हत्ती मारला. पुढे बाकीची मोठी मोहरी मारामारीत गेली, राजा आणि प्यादी उरली, आणि तिथे तर आमच्यासारखा चिवट कोणी नाही, असे ताईनेच म्हटले आहे.

आम्ही डाव जिंकला आणि लगेच फोन वाजला. पडद्यावर ताई. ती बराच वेळ नुसती हसत होती. मग म्हणाली, "बारक्या, नवा माऊस लावलास वाटतं?"

त्याने खाली माझ्याकडे पाहिले.

"नाही गं," तो म्हणाला. "तोच आहे."

पलीकडे ताईने डोळे पुसले की चष्मा, ते मला नीट दिसले नाही. "पुढच्या रविवारी वेळेवर बस," एवढेच म्हणाली, आणि मग दोघे बाबांच्या पटाविषयी बोलत बसले. त्या पटावरचा एक घोडा हरवला होता आणि त्याच्या जागी बटण ठेवून खेळत, ते बटण कोणाच्या शर्टाचे होते यावर दोघांचे एकमत होईना.

फोन ठेवल्यावर त्याने मला उचलून उलटे केले. माझ्या पोटावर काळी पुटे चढली होती, दिव्याच्या तोंडाशी धाग्याचा गुंता होता. त्याने चष्म्याच्या काचा पुसायचे मऊ फडके घेतले. इतकी वर्षे ते फडके माझ्यापासून वीतभर अंतरावर पडलेले असे, दिवसभर लोकांच्या काचा लखलखीत करी, पण माझ्याकडे कधी वळले नव्हते. त्याने मला हळूच पुसले. "किती घाण साचली होती रे तुझ्यावर," म्हणाला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला, आणि खरे सांगतो, मला गहिवरून आले.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. हातून काही चुकले तर आधी आपला हात बघा, आणि मग आम्हाला उलटे करून बघा. आमचाही दोष असू शकतो, आम्ही देव नाही. पण न बघता नावे ठेवू नका.

खणातले खोके अजून तसेच आहे. माझी डावी कळही आता जरा बसकी बोलते, ती खणखण राहिलेली नाही. कधीतरी माझी पाळी संपणार, ते मला ठाऊक आहे. पण आज पुन्हा रविवार आहे. डाव सुरू आहे, त्याचा हात मांडीवर आहे, आणि मी टेबलावर अस्वस्थ पडून कान देऊन ऐकतो आहे. तो आत्ताच पुटपुटला, "हे बरं दिसतंय, की हे?"

येईल. नीट बघून झाले की येईल.